छोट्या देशाने भलंमोठं लष्करी मालवाहू विमान घ्यावं का?

कार्गोकर_अंधेरी · रविवार, सकाळी १०:१२

माझा भाचा क्राइस्टचर्चला असतो. परवा त्याने विमानतळाच्या कुंपणाबाहेरून काढलेला फोटो पाठवला. करडं, जाड पोटाचं सी-१७ ग्लोबमास्टर. अमेरिकन हवाई दलाचं, अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळाकडे निघालेलं. खाली एक ओळ होती: "मामा, भारताकडे अशी अकरा आहेत, न्यूझीलंडकडे एकही नाही. दोन तरी घ्यायला नको होती का?"

फोनवर काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पुरेसं वाटलं नाही. म्हणून इथे मांडतोय. मी मुंबईच्या सहार विमानतळावर एअर कार्गोमध्ये २८ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीच लोड कंट्रोलला, म्हणजे विमानात कुठला माल कुठे बसवायचा ते ठरवायला. लष्करी विमानाशी माझा संबंध नाही. पण विमानात माल कसा बसतो आणि रिकामं विमान किती महाग पडतं, हे रोज बघितलंय.

आधी मोजमाप. सी-१७ जास्तीत जास्त ७७ टनांच्या आसपास उचलतं. सी-१३०जे हर्क्युलिस साधारण २० टन. मधे ब्राझीलचं सी-३९० आहे, २६ टनांचं, आणि युरोपचं ए-४००एम, ३७ टनांचं. पण नुसत्या टनांवर जाऊ नका. कार्गोतला कुणीही सांगेल, विमान वजनाने भरण्याआधी जागेने भरतं. तंबू, ब्लँकेटं, औषधांची खोकी, हा सगळा फुगीर माल. म्हणून पॅलेट, म्हणजे माल रचून बांधायच्या सपाट फळ्या, मोजायची. लष्करी पॅलेट सी-१७ मध्ये १८ बसतात, लांब अंगाच्या सी-१३०जे मध्ये ८. वजनात जवळजवळ चौपट असलेलं विमान जागेत सव्वादोन पटच निघतं.

न्यूझीलंडकडे १९६५ पासूनची जुनी हर्क्युलिस होती. २०१५ मध्ये लाँग बीचचा सी-१७ चा कारखाना बंद झाला. शेवटची दहा विमानं गिऱ्हाईक नसताना बांधून ठेवलेली होती. न्यूझीलंडने त्यातल्या दोनांचा विचार केला होता, पण घेतली नाहीत. ती कतार, ऑस्ट्रेलिया, संयुक्त अरब अमिरात, कॅनडा अशी गेली आणि उरलेलं एक ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्याकडे आलं. न्यूझीलंडने पुढे पाच सी-१३०जे घेतली, ती २०२४ मध्ये पोचली.

माझ्या मते त्यांनी बरोबर केलं. पाच हर्क्युलिस म्हणजे ४० पॅलेटची जागा, पाच ठिकाणी पाठवता येणारी. दोन सी-१७ म्हणजे ३६, आणि ठिकाणं दोनच. त्यात एक मोठ्या तपासणीला हँगरमध्ये गेलं की उरलं एक. ते एओजी झालं, म्हणजे बिघडून जमिनीवर बसलं, की हातात शून्य. पन्नास लाख वस्तीच्या देशाने असा जुगार खेळू नये.

तुम्हाला काय वाटतं?

ऋजुता_पार्ले · रविवार, सकाळी ११:०५

काका, हिशोबाच्या बाजूने एक मुद्दा घालते, कारण माझा धंदाच तो.

विमानाची किंमत हा खर्चाचा लहान भाग. वैमानिक, लोडमास्टर, तंत्रज्ञ, सिम्युलेटर, सुट्टे भाग, मोठं हँगर, हे सगळं दोन विमानांसाठीही उभारावं लागतं आणि आठांसाठीही. आठांवर ते वाटलं जातं, दोनांवर वाटायला जागाच नसते. न्यूझीलंडने पाच सी-१३०जे साठी सुमारे दीड अब्ज न्यूझीलंड डॉलर मंजूर केले, त्यात सिम्युलेटरही धरलाय. वैमानिकांना वारंवार परदेशी पाठवण्यापेक्षा घरचा सिम्युलेटर असणं मला शहाणपणाचं वाटतं.

पण कुवेतकडे दोन सी-१७ आहेत, कतारकडे आठ. तेही छोटेच देश. तेव्हा "छोटा" म्हणजे नेमकं काय? वस्तीने, क्षेत्रफळाने की तिजोरीने?

सुभेदार_साताराकर · रविवार, दुपारी १:३०

ऋजुताताईंचा प्रश्न योग्य आहे. माझ्या मते देश छोटा की मोठा यापेक्षा त्याची सीमा कुठे आहे ते बघावं.

मी २४ वर्षं फौजेत होतो, आता मुक्काम कल्याण. लेहला जाताना चंदीगडच्या ट्रान्झिट कॅम्पात हवामान उघडायची वाट बघत बसणं काय असतं, ते ज्याने बसून बघितलंय त्यालाच कळतं. झोजीला घाट बर्फाने बंद झाला की पलीकडे जे जाईल ते विमानानेच. १९६२ च्या ऑक्टोबरात एएन-१२ विमानांनी एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे लडाखमधल्या चुशूलला उतरवले. २०२० साली लडाखला नव्वदच्या वर रणगाडे हवाई मार्गाने गेल्याचं छापून आलं. आपल्याला आयएल-७६ हे मोठं रशियन मालवाहू विमान आणि सी-१७ लागतातच. हौस म्हणून घेतलेली नाहीत ती.

पण ज्याच्याकडे चाळीस-पन्नास रणगाडे आणि दोन विमानं, त्याने एका खेपेला एक रणगाडा न्यायचा म्हटलं तर १४ रणगाड्यांच्या स्क्वाड्रनला एकेका विमानाच्या सात खेपा होतात. त्यात दारूगोळा, डिझेल, दुरुस्तीची गाडी धरलेली नाही. तोवर लढाईचं जे व्हायचं ते होऊन जातं. जड सामान जहाजानेच जातं. न्यूझीलंडने २००७ मध्ये 'कँटरबरी' हे वाहतूक जहाज ताफ्यात घेतलं, ते मला विमानापेक्षा जास्त कामाचं वाटतं. बेटांचा देश आहे तो.

आणखी एक. ज्या धावपट्टीवर मोठं विमान उतरणार नाही तिथे छोटंच उतरतं. लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला, १६,६१४ फुटांवर, ऑगस्ट २०१३ मध्ये आपलं सी-१३०जे उतरलं. सुदानात २०२३ ला खार्टुमच्या उत्तरेला वादी सैय्यदनाच्या खराब पट्टीवर रात्री, दिवे नसताना उतरून १२१ जणांना आणलं, तेही सी-१३०जे नेच.

नीलांबरी_चेंबूर · रविवार, दुपारी ३:४८

मी या विषयातली नाही, पण वाचून राहवलं नाही.

माझी धाकटी नणंद येमेनची राजधानी साना इथे नर्स होती. २०१५ च्या मार्चअखेर येमेनवर बॉम्बहल्ले सुरू झाले, तेव्हा आमच्या घरात आठ दिवस कुणी धड जेवलं नाही. सासूबाई तर टीव्हीसमोरून उठत नव्हत्या. ती सानाहून एअर इंडियाच्या विमानाने जिबुतीला आली आणि तिथून हवाई दलाच्या सी-१७ ने मुंबईला. आम्ही पहाटेपासून सहारला बाहेर उभे होतो. तिच्या हातात फक्त एक पर्स होती.

येमेनमधून माणसं आणायच्या त्या मोहिमेत, ऑपरेशन राहतमध्ये, साडेचार हजारांवर भारतीय आले, आणि त्यांच्यासोबत ४१ देशांचे नऊशेहून जास्त लोक. त्या परक्या लोकांचा विचार मी नेहमी करते. त्यांच्या देशांकडे माणसं परत आणायला साधन नव्हतं, किंवा तिथे पोचत नव्हतं. त्यांच्या आयांनी काय करायचं? आपल्या माणसासाठी दुसऱ्या देशाच्या दारात उभं राहायचं? पॅलेटचा हिशोब मला पटतो, पण स्वतःचं विमान असण्याला किंमत लावताना हेही धरा ना.

भटक्या_ठाणे · रविवार, दुपारी ४:२०

नीलांबरीताई, वाचून गलबललो. नणंदबाई आता बऱ्या असतील अशी आशा करतो.

कार्गोकर_अंधेरी · रविवार, संध्याकाळी ६:०२

नीलांबरीताई, तुमचा मुद्दा मी हिशोबाबाहेर ठेवत नाही. उलट त्यातच माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसतंय. राहतमध्ये सानाहून माणसं काढली प्रवासी विमानांनी. होदेदा, एडन या बंदरांतून काढली नौदलाच्या 'सुमित्रा', 'मुंबई', 'तरकश' या जहाजांनी. सी-१७ होतं पुढच्या टप्प्याला, जिबुती ते भारत. धोक्याच्या जागेतून माणूस उचलणारं साधन वेगळं होतं आणि लांबचा पल्ला मारणारं वेगळं. छोट्या देशाकडे पैसे एकाच साधनापुरते असतील तर मी पहिल्या टप्प्याचं घेईन. जिबुतीत पोचलेल्या माणसाला भाड्याच्या विमानानेही आणता येतं. सानात अडकलेल्याला भाड्याचं विमान मिळत नाही.

दादर_पूर्व · रविवार, रात्री ९:१५

मुंबईत राहून हा धागा वाचताना २६/११ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या रात्री एनएसजीचे कमांडो दिल्लीत तयार होते, आणि त्यांना आणणारं आयएल-७६ होतं चंदीगडला. ते दिल्लीला येणार, कमांडो चढणार, मग मुंबई. पहाट झाली. तोवर ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमध्ये काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मी तेव्हा फोर्टमध्ये नोकरीला होतो. सीएसटीवरून रोज जाणारा माणूस मी, त्या दिवशी लवकर निघालो होतो.

आयएल-७६ काही लहान विमान नव्हे. दोनशे माणसांना सामानासकट घेऊन येईल असंच ते. विमान मोठं होतं आणि देशही मोठा होता. कमी पडलं ते एवढंच की जिथे माणसं उभी होती तिथे विमान नव्हतं. त्यानंतर सरकारने आणखी मोठं विमान शोधलं नाही. २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता इथे एनएसजीची केंद्रं उभी केली. माणसंच जवळ आणून ठेवली.

छोट्या देशाला हे जास्तच लागू पडतं. त्याच्या सीमेच्या आतलं अंतर तास-दीड तासाचं. तिथे मोठ्या विमानाचा वेग आणि पल्ला वापरायला जागाच नाही. गरज असते ती सकाळी सहाला फोन केल्यावर साडेसहाला पंखा फिरायला लागेल अशा विमानाची.

ऋजुता_पार्ले · रविवार, रात्री ९:४०

+१. दादर_पूर्व, धन्यवाद हे लिहिल्याबद्दल.

भटक्या_ठाणे · सोमवार, सकाळी ८:५०

धावपट्टीबद्दल सुभेदारसाहेबांनी लिहिलंय, त्यात एक डोळ्यांनी बघितलेली गोष्ट जोडतो.

२०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला तेव्हा आमचा ट्रेकचा गट नेपाळमध्ये होता. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर परतीच्या विमानासाठी दोन रात्री काढल्या. जगभरातून मदत घेऊन विमानं येत होती, पण आंतरराष्ट्रीय विमानतळ एकच, त्याला धावपट्टी एकच, आणि विमानं उभी करायला जागा मूठभर. कितीतरी विमानं वर घिरट्या घालून परत जायची. पुढे ३ मेला तर मोठ्या विमानांना ती पट्टी बंदच करावी लागली, कारण तिला भेगा पडायला लागल्या होत्या. ती मध्यम आकाराच्या प्रवासी विमानांसाठी बांधलेली होती.

छोट्या, गरीब देशात संकटाच्या वेळी नेमकी मोठी विमानं पट्टी फोडतात, हे मी विसरलो नाही. मालही विमानतळावर साचत होता, कारण तिथून गावांपर्यंत नेणारी हेलिकॉप्टरं कमी होती. नेपाळच्या जागी मी असतो तर पैसे हेलिकॉप्टर, दुसरा विमानतळ आणि ट्वीन ऑटरसारख्या लहान विमानांवर लावले असते.

मालदीवचंही तसंच. ३ नोव्हेंबर १९८८ ला भाडोत्री बंडखोरांनी माले ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा आग्र्याहून आयएल-७६ मधून आपले पॅराट्रूपर दोन हजारांहून जास्त किलोमीटर उडून त्याच रात्री मालेशेजारच्या विमानतळाच्या बेटावर, हुलहुलेला, उतरले. तशी रात्र त्या देशाच्या आयुष्यात एकदा आली. पण एका बेटावरचा रुग्ण माले शहरात हलवणं हे कायमचं काम. ते आपण दिलेलं डॉर्नियर हे छोटं विमान आणि ध्रुव हेलिकॉप्टरं करत होती.

गिरगाव_चौपाटी · सोमवार, सकाळी १०:३३

भटक्या, मालदीवचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं असं मला वाटतं. सरकार बदललं, धोरण बदललं आणि मे २०२४ पर्यंत आपले जवान तिथून परत आले, त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. मैत्री ही हवामानासारखी. आज आहे म्हणून उद्याही असेल हे गृहीत धरून कुणी संरक्षणाचं नियोजन करू नये. नीलांबरीताईंचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

मेधा_परळ · सोमवार, दुपारी २:१७

कार्गोकर काका, तुम्ही पॅलेट मोजलीत. पण जे पॅलेटवर बसतच नाही त्याचं काय?

एप्रिल २०२१ मध्ये मी इथल्या एका रुग्णालयात स्टोअर सांभाळत होते. ऑक्सिजनचा टँकर आज येतो की उद्या, यावर वॉर्डातली माणसं जगत होती. मी रात्री गेटवर उभी राहायची, टँकरचे दिवे दिसतात का बघत. त्याच दिवसांत हवाई दलाच्या सी-१७ ने पुण्याहून दोन रिकामे क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव ऑक्सिजनचे, टँकर जामनगरला नेले. द्रव ऑक्सिजन भरलेला टँकर विमानातून नेणं धोक्याचं, म्हणून जाताना रिकामा विमानाने आणि भरून रस्त्याने किंवा रेल्वेने. एक बाजू वाचली तरी कितीतरी तास वाचायचे.

तो टँकर हर्क्युलिसच्या दारातून आत जात नाही. पाच हर्क्युलिस असली काय आणि पन्नास असली काय, दार तेवढंच. छोट्या देशावरही साथ येते, पूर येतो. मग?

कार्गोकर_अंधेरी · सोमवार, रात्री ८:४४

मेधा, तू माझ्या हिशोबातली फट बरोबर पकडलीस. मी लोड कंट्रोलचा माणूस असून ते सुटायला नको होतं. हर्क्युलिसच्या आतली उंची पावणेतीन मीटरच्या आसपास, रुंदी तीन मीटरच्या थोडी पुढे. सी-१७ चं पोट साडेपाच मीटर रुंद. सहारला आमच्याकडे कधी कधी असा नग यायचा की वजन मामुली, पण दारापेक्षा चार इंच उंच. तो कितीही तातडीचा असला तरी ऑफलोड, म्हणजे मागेच ठेवायचा. फोडता येत नाही, आडवा करता येत नाही. सगळी रात्र त्या एका नगावर जायची. ऑक्सिजन टँकर, हेलिकॉप्टर, पाणी शुद्ध करायचं मोठं यंत्र, हे तसलेच नग.

तेव्हा मी माझं वाक्य दुरुस्त करतो. छोट्या देशाला मोठं विमान लागतं. पण वर्षातून थोडे तास. आणि थोड्या तासांसाठी पूर्ण विमान घेण्याऐवजी तासच घेता येतात. हंगेरीत पापा नावाच्या तळावर तीन सी-१७ आहेत. बारा देशांनी मिळून ती २००९ मध्ये आणली. विमानांवर हंगेरीची खूण, चालक दलात सगळ्या देशांची माणसं. वर्षाला ३,१६५ तास, आणि सुरुवातीच्या करारात ते असे वाटले: अमेरिका १,०००, स्वीडन ५५०, नेदरलँड्स ५००, आणि खाली खाली येत एस्टोनिया ४५, लिथुआनिया ४५. स्वीडन आणि फिनलंड तेव्हा नाटोत नव्हते, तरी यात होते. एस्टोनियाची वस्ती मुंबईच्या एखाद्या उपनगराएवढी. त्यांना ४५ तासांत त्यांचं काम भागवता येतं, आणि हँगर, सिम्युलेटर, सुट्टे भाग याचा भार बाराजणांत वाटला जातो. ऋजुता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे का बघ.

लक्झेंबर्गने आणखी वेगळा मार्ग काढला. त्यांनी एकच ए-४००एम घेतलं आणि बेल्जियमच्या सातांसोबत ब्रुसेल्सजवळच्या मेल्सब्रूक तळावर ठेवलं. एकटं एक विमान निरुपयोगी, आठांतलं एक उपयोगी.

गिरगाव_चौपाटी, मैत्री बदलते हे खरं. पण भागीदारीत तुमचा हिस्सा करारात लिहिलेला असतो. उपकाराने आलेलं विमान आणि हिश्शाने आलेलं विमान यात मी फरक करतो.

गिरगाव_चौपाटी · सोमवार, रात्री ९:३०

आणि ज्या दिवशी बाराच्या बाराजणांना एकाच वेळी विमान हवं असेल? युद्धात तसंच होणार.

सुभेदार_साताराकर · सोमवार, रात्री १०:०५

तेव्हा सगळ्यांना कमी पडेल. स्वतःची दोन असलेल्यालाही कमीच पडेल. युद्धात पुरेल एवढी वाहतूक विमानं कुठल्याच फौजेकडे मी पाहिली नाहीत. म्हणून रसद आधी नेऊन ठेवतात. लेहला आम्ही सहा महिन्यांचं रेशन हिवाळ्याआधी वर चढवायचो, ते याच कारणाने.

अमेय_क्राइस्टचर्च · मंगळवार, पहाटे ४:२२

मामा, तुझा धागा आईने पाठवला. इथे सकाळ आहे. दोन गोष्टी सांगतो, एक तुझ्या बाजूची आणि एक माझ्या.

तुझ्या बाजूची: इथल्या हवाई दलाकडे दोनच बोइंग ७५७ आहेत. जून २०२४ मध्ये पंतप्रधान लक्सन जपानला निघाले होते आणि ७५७ पोर्ट मोर्सबीला बिघडलं. त्यांना साध्या प्रवासी विमानाने पुढे जावं लागलं. तू म्हणतोस तो शून्य तो हाच.

माझ्या बाजूची: तुम्ही सगळे माल आणि दार मोजताय, इंधन कुणीच मोजलं नाही. इथून मॅकमर्डो ३,८०० किलोमीटर. वाटेत दुसरी धावपट्टी नाही. जुनं हर्क्युलिस निघालं की वाटेत एक बिंदू येतो, त्याच्या पुढे गेलं की मागे फिरायला इंधन नाही. हवा बिघडली तरी उतरायचं तिथेच. ऑक्टोबर २०१३ मध्ये आमच्या ७५७ चं असंच झालं. बिंदू ओलांडल्यावर ढग खाली आले आणि शंभराहून जास्त माणसांना घेऊन ते जवळजवळ काही न दिसता बर्फाच्या पट्टीवर उतरलं. सगळे वाचले. सी-१७ तिथपर्यंत जाऊन, उतरता आलं नाही तर तसंच परत येऊ शकतं. मी फोटो पाठवला तो या कारणाने. आकाराचं कौतुक म्हणून नव्हे.

कार्गोकर_अंधेरी · मंगळवार, सकाळी ९:०८

अमेय, हे तू फोनवर का नाही सांगितलंस? हा तुझा मुद्दा सगळ्यात भक्कम आहे आणि तो मला खोडता येत नाही. मालासाठी मी हर्क्युलिसवर ठाम आहे. पण परतीचं इंधन हा जिवाचा प्रश्न आहे, तिथे पॅलेट मोजायची नसतात.

रात्री बसून बघितलं तर अंटार्क्टिकाच्या कामात अमेरिका आणि न्यूझीलंड आपापली विमानं एकत्र वापरतात. तुमची हर्क्युलिस त्यांचा माल नेतात, त्यांची सी-१७ तुमचा. जाऊन-येऊन साधारण दहा तासांची फेरी धरली तर एस्टोनियाच्या ४५ तासांत मॅकमर्डोच्या चार फेऱ्या बसतात. स्कॉट बेसला, म्हणजे तुमच्या अंटार्क्टिकावरच्या तळाला, हंगामात किती फेऱ्यांचा माल आणि माणसं लागतात, ते तुझ्या ओळखीत कुणी सांगू शकेल का? आकडा मिळाला की मी कागदावर मांडून बघतो.

अमेय_क्राइस्टचर्च · मंगळवार, सकाळी ९:३१

विचारतो. माझ्या शेजारच्या आजोबांनी तिथे दोन हिवाळे काढलेत. रविवारी त्यांच्याकडेच जेवायला जायचंय.